पी.पी. ई-मेल

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते झाशीच्या सीपरी बाजारात सायबर कॅफे चालवणाऱ्या वहिनींचं. नात्याने त्या आमच्या कोणी नव्हत्या. ग्वाल्हेरहून लग्न होऊन झाशीला आल्या आणि मराठी बोलत, म्हणून वहिनी.

बाबा पौरोहित्य करत. आमच्या घरात बारावीपुढे कोणी शिकलं नव्हतं. मी पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज केला, तर त्यावर ई-मेल पत्ता मागितलेला. वहिनींनी तो काढून दिला आणि शेजारी स्टूल ओढून बसवलं.

"हा ब्राउझर. यातून साइट बघायची. साइट या डब्यात नसते, दुसरीकडच्या कम्प्युटरवर असते. इथे नुसती दिसते. आणि हा तुझा इनबॉक्स. आलेली पत्रं इथे पडतात. जागा थोडी आहे, साफ करत जा."

आमच्या गल्लीत पूर्वी एकाच घरी फोन होता. सगळे तोच नंबर 'पी.पी.' म्हणून देत आणि निरोप आला की त्या घरातून हाक येई. बाबांनी माझ्या पत्त्याचंही तेच केलं. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे स्थळं पुणे, इंदूर, नागपूरकडची. ज्यांच्या घरी लग्नाचं कोणी होतं, त्या सगळ्यांनी माझा पत्ता तिकडे कळवला. फोटो आणि पत्रिका येऊ लागल्या. मी त्या छापून घरोघर देई. पुसायचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "लग्न जमेपर्यंत राहू दे रे."

पुढे कॉलेजच्या साइटवर यादी लागली. माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं की पत्र ई-मेलने पाठवलं आहे, त्यातला होकाराचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरावा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. इनबॉक्समध्ये पत्र नव्हतं. तो बुधवार होता.

वहिनींनी स्वतःच्या पत्त्यावरून मला एक ओळ पाठवली. ती लगेच परत आली.

"भरलाय. पत्र दारापर्यंत आलं आणि परत गेलं. अटॅचमेंट बघ किती. फोटोंनीच जागा खाल्ली."

मी बाबांना बोलावून आणलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"लोकांची स्थळं आहेत ती. पुसली तर काय तोंड दाखवू?"

"पुसत नाही, काका. आधी डाउनलोड करते. म्हणजे इथून काढून माझ्या कम्प्युटरवर ठेवते. मग इथलं डिलीट."

"तुझ्याकडून गेलं तर?"

"तर मी स्वतः नागपूरला जाऊन मुलगा बघून येईन! भैया, तू सरक," वहिनी मला म्हणाल्या.

बाबा हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. एकेक फोटो उतरताना ते कोणाचं स्थळ ते सांगत होते आणि वहिनी फाइलला तेच नाव देत होत्या. शेवटी त्यांनी ट्रॅशही रिकामी केली. डिलीट केलेलं तिथे साठून राहतं, म्हणाल्या. मग कॉलेजला पत्र पुन्हा पाठवण्याची विनंती मला लिहायला लावली. पत्र गुरुवारी दुपारी आलं. आम्ही फॉर्म तिथेच भरला.

पुण्याहून मी त्यांना पहिला ई-मेल केला तो रोमन अक्षरांत. मजकूर असा:

"वहिनींना नमस्कार. इथे कॉलेजात कम्प्युटरची खोली आहे. होस्टेलमधल्या एकाला काल ब्राउझर समजावला, तुमच्याच शब्दांत. इनबॉक्स रोज साफ करतो. बाबांनी फोनवर सांगितलं की आणखी दोन घरांना माझा पत्ता हवा आहे. मी म्हटलं, आता तुम्हीच स्वतःचा काढा. बाबा सोमवारी पूजा आटोपून कॅफेत येतील. त्यांना पहिल्यापासून सांगा, मला सांगितलंत तसं. डिलीट मात्र सगळ्यांत शेवटी शिकवा."