बाभळीच्या सालीचं मंजन

पप्पांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा पारनेरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "दातांवर कीटणाचा थर चढलाय, महिन्याभरात साफ करून घ्या." घरी येताना रिक्षातच मी निकाल दिला, "मुळीच नाही. मशीन लावली की दात हलतात." मी शाळेत विज्ञान शिकवते. दात हलतात हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

पप्पा चर्चच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे तीन कळांचं पितळी तुतारीसारखं वाद्य, वाजवायचे. नाताळच्या सकाळची उपासना त्यांच्याच सुरावर सुरू व्हायची. कॉर्नेट ओठांवर दाबून फुंकावं लागतं आणि ओठांना आतून आधार समोरच्या दातांचा असतो. म्हणूनच त्या दातांना मशीन लागू नये असं मला वाटलं. इतकं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते.

मग मोबाईलवर बघून मी मंजन केलं. बांधावरच्या बाभळीची साल वाळवून कुटली, त्यात लवंग, हळद, सैंधव घातलं. गुळण्यांना तुरटीचं पाणी. पंधरा दिवसांत रक्त थांबलं. मग काय विचारता! अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले मी. उपासना सुटली की अंगणात बायकांसमोर पप्पांना ओठ वर करायला लावायचे. बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं. पप्पा बिचारे मुकाट्याने दाखवायचे. मी डब्या भरभरून मंजन वाटलं.

दोनेक वर्षं अशी गेली. पप्पा भाकरी कालवणात भिजवून खायला लागले, ते मी वयावर ढकललं. नाताळच्या तालमीत सूर फाटू लागला, तेव्हा "ओठ थकतात आता," असं तेच म्हणाले. शेवटी त्यांचा रुमाल धुताना रक्ताचे डाग दिसले आणि त्यांना नगरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एक्स-रे दाखवला. माझ्या मंजनाबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुरटीनं रक्त तेवढं थांबलं. हिरडीखालचं कीटण तसंच राहिलं आणि हाड झिजत गेलं. तेव्हाच साफ केलं असतं तर दात वाचले असते." वरचे समोरचे चार काढावे लागले.

बाहेर बाकावर पप्पा तोंडात कापूस धरून बसले होते. कापूस काढल्यावर मी विचारलं, "दात हलतायत हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागल्या नाताळाआधीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बायांना दावत हुतीस न्हवं. तुजं हसं झालं असतं."

मला आधी त्यांचाच राग आला. तो मी रस्ताभर धरून ठेवला, कारण तो सुटला असता तर रडू आलं असतं.

यंदा नाताळला कॉर्नेट दुसऱ्याने वाजवलं. कवळीवर फुंकता येत नाही, ती सुटते. पप्पा बाकावर माझ्याशेजारी होते. सूर सुरू झाला तशी त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं कॉर्नेटच्या कळांवर दाबावीत तशी मांडीवर दाबली जाऊ लागली, एकही सूर न चुकता. मी गीतांच्या पुस्तकात तोंड घातलं.

उपासना सुटल्यावर एक बाई हसत जवळ आली. "तुमच्या मंजनानं माजं रक्त पार थांबलं बगा. अजून एक डबी द्या की."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण माझी फजिती होऊ नये म्हणून पप्पाच आधी बोलले, "दील की. लई गुणाचं हाय ते."

आणि मी मान डोलावली.