दुसऱ्या रविवारी गाळलेली ओळ

गास गावच्या जोआनाचा आवाज खणखणीत. म्हणून बारावीची परीक्षा संपताच चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचना वाचायचं काम तिच्या गळ्यात पडलं. नेमकं त्याच उन्हाळ्यात तिच्या पप्पांनी, अँथनीने, दुसरं लग्न ठरवलं. नवरी होळी गावची फ्लॉसी, शिवणकाम करणारी. बाई चांगली होती, हीच तर पंचाईत. नावं ठेवायला काही सापडेना.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर फादरना कळवायची. पहिल्या रविवारी दुसऱ्या मुलीने वाचली, तेव्हा जोआना तडक बाहेर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या रविवारी पाळी तिचीच आली. तिने रक्तदान शिबिराची सूचना वाचली, मुलांच्या शिबिराची वाचली, आणि पप्पांची ओळ सरळ गिळून टाकली. चुकून राहिली असेल, असं म्हणून फादरांनी लग्न आठवडाभर पुढे ढकललं.

सोमवारी सकाळी वाडीत मोगऱ्याच्या कळ्या तोडताना जोआनाने हा पराक्रम आर्याला सांगितला. आर्या तिची वर्गमैत्रीण, नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहणारी. दोन वर्षं सोबत फिरलेल्या वेदांतने परीक्षा संपल्यावर तिचे मेसेज बघणंसुद्धा सोडलं होतं. घरात रडता येत नाही म्हणून बाईसाहेब रोज स्कूटरवरून वाडीत येऊन रडायच्या. ऐकून ती हसेल, असं जोआनाला वाटलं होतं. ती भडकली.

"म्हणजे तू पण वेदांतसारखीच! नको असेल तर तोंडावर बोल ना यार. तो बोलला असता तर मी भांडले तरी असते. असं गप्प बसून काय करायचं समोरच्याने?"

जोआनाला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. दुपारी पप्पा जेवून उठले तेव्हा ती दारातच आडवी उभी राहिली.

"ती ओळ मी मुद्दाम गाळली. मला मम्मीच्या जागी कोणी नकोय."

"ठाऊक आहे," अँथनी म्हणाला. "आधी तुलाच विचारायला हवं होतं, बाय. मला धीर झाला नाही. तू नको म्हण, लग्न मोडलं म्हणून मी आजच फादरना सांगतो. पण मी लिहून दिलेला सूचनेचा कागद एकदा पुरता वाच."

कागद तिच्या पिशवीतच होता. आतापर्यंत तिला त्यावर फक्त फ्लॉसीचं नाव दिसलं होतं. आता पप्पांच्या वेड्यावाकड्या अक्षरातली सुरुवात दिसली: 'दिवंगत ब्रिजिट हिचा पती अँथनी'. मम्मीचं नाव चार वर्षांत या घरात कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. जोआना तिथेच उंबऱ्यावर बसून खूप रडली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा माईकसमोर उभी राहिली. 'ब्रिजिट' म्हणताना तिचा आवाज फाटला. दुसऱ्या रांगेत फ्लॉसीने डोळे मिटून क्रूसाची खूण केली. जोआनाने ते पाहिलं, घसा खाकरला आणि पुढचं नाव वाचलं.