शेंडी लावणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी अख्ख्या दिल्लीला शेंडी लावली आहे, असं मी म्हटलं तर कृपया पोलिसांना बोलावू नका. इतका सरळ माणूस आमच्या द्वारकेच्या एकाही सेक्टरमध्ये सापडायचा नाही. काका शेंडी लावतात ती अक्षरांना. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांच्या डोक्यावर जी तिरपी रेघ असते ना, ती काकांच्या भाषेत शेंडी. 'कॅफे'च्या शेवटच्या ई-वर ती दिसली नाही की त्यांना धाप लागते आणि खिशातलं काळं मार्कर बाहेर येतं. सारी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत टाइपरायटर बडवण्यात काढली. त्या यंत्राला शेंडीचं बटणच नव्हतं, त्याचा सूड ते आता मेन्यूकार्डांवर उगवतात.

मार्केटात नव्या कॅफेची पाटी रंगत होती, तेव्हा काका शिडीखाली ठाण मांडून बसले. पेंटर वैतागला, "अंकलजी, ये ऊपर मक्खी बिठानी है क्या?" बिचाऱ्याने रेघ मारली, पण ती उलट्या बाजूला कलली. "अरे, ही तर पडली! उजवीकडे चढव, उजवीकडे!" काका अस्सल मराठीत असे गरजले की रस्त्यावरच्या ई-रिक्षा निमूटपणे उजवीकडे वळल्या. मी स्वतः पाहिलंय.

माझा रेझ्युमेही त्यांच्या तावडीतून सुटला नाही. "शेंड्या कुठायत? शेंडीशिवाय हा शब्द 'रिझ्यूम' होतो. म्हणजे 'पुढे चालू'. साहेब तुम्हाला पुढे चालू लागा म्हणेल!" मी घाबरून दोन शेंड्या लावल्या. कंपनीच्या कम्प्युटरने त्यांची दोन प्रश्नचिन्हं केली. मुलाखतीला बसलेल्या बाईंनी विचारलं, "आपको अपने एक्सपीरियन्स पर खुद डाउट है क्या?" नोकरी हातची गेली. काका म्हणाले, "अशा अडाणी ठिकाणी तुम्ही टिकलाच नसता."

काकांना एकच मुलगी. काकू गेल्यापासून घरात दोघंच. तिचं गुरुग्रामच्या एका पंजाबी मुलाशी जमलं, तेव्हा काकांनी जावयाला आधी व्याकरण ऐकवलं. "तू फियान्से, म्हणजे वाग्दत्त वर, एका ई-चा. ही फियान्से, वाग्दत्त वधू, दोन ई-ची. उच्चार तोच, पण मुलीला एक ई जास्त. लक्षात ठेव, जन्मभर!" मुलगी लाजेने अर्धी झाली. साखरपुड्याच्या सकाळी तिने माझ्यासमोर त्यांचं मार्कर काढून घेतलं. "बाबा, प्लीज यार, आज एकही शेंडी नाही. त्यांच्या घरचे सगळे असणार. प्रॉमिस?"

"बिल्कुल," काका म्हणाले. त्यांचा आवाज मात्र शब्द दिल्यासारखा नव्हता, मूत्रपिंड दिल्यासारखा होता.

आणि संध्याकाळी केक आला. मुलीच्या नावाखाली क्रीमने भलंमोठं 'फियान्से' लिहिलेलं. शेंडी गायब आणि वर एक ई कमी! म्हणजे स्पेलिंगच्या हिशेबाने आमची मुलगी नवरदेव झाली होती. मी काकांकडे पाहिलं. कपाळावरची शीर फुगली, हात रिकाम्या खिशाकडे गेला. मुलगी दुरून बघत होती, श्वास रोखून. काकांनी ओठ इतके घट्ट मिटले की डोळ्यांतून पाणी आलं. विहीणबाई गहिवरल्या, "भाईसाब, बेटी की बिदाई अभी कहाँ! अभी से रो रहे हो?" काकांनी सुरी घेतली, तो शेंडी नसलेला ई नेमका कापला आणि चावून गिळला. एवढा पराक्रम मी दुसऱ्या कुठल्याही बापाला करताना पाहिलेला नाही.

लग्न झालं, मुलगी गुरुग्रामला गेली. गुरुग्राम काही परदेश नाही, मेट्रोचा प्रवास. पण वरच्या मजल्यावरून "हे बघा, पुन्हा तेच!" अशी हाक येईनाशी झाली. मार्कर वाळलं असावं.

परवा काका फोन घेऊन खाली आले. मुलीचा मेसेज होता. 'रविवारी येते' एवढाच, पण वर रोमन लिपीत 'बाबा', आणि दोन्ही ए-वर ठसठशीत शेंड्या.

काका बराच वेळ स्क्रीनवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "चूक आहे. फ्रेंचमध्ये ए-वर अशी शेंडी चढत नाही."

"मग कळवा की तिला."

त्यांनी फोन खिशात ठेवला, मार्करच्या जागी.

"राहू दे," ते म्हणाले. "मराठीत चालते."