हाण त्येला!

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वेलांट्या चुकतील, ओळी तिरक्या जातील, आणि माझं अक्षर तर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी कुणी वाचलीच तर माफ करावं.

अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, आवाज फार मोठा. निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या दारातून त्याने हाक मारली की आई घरात चुलीवर तवा ठेवायची. मी बोलले तर शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नसे. आई म्हणायची, "दोघांचा आवाज देवानं ह्या एकट्यालाच दिला बघ."

एकदा बोललेलं तो मागे घेत नसे. वखारीतला मापाडी तराजूला बोट लावतो, असं तो चारचौघांत म्हणाला. मालक म्हणाले, "चुकलो म्हण." "न्हाय म्हंजे न्हाय," म्हणून अण्णा काम सोडून घरी आला आणि आठवड्यात बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

बेळगावच्या कॅम्पात गोरे सोल्जर फुटबॉल खेळत. ते बघून अण्णाला त्या खेळाचं वेड लागलं. मग लढाई लागली आणि पलटण मिसर देशात गेली. इकडे आईने अंथरूण धरलं. रोज विचारायची, "अण्णा कवा येणार गं?" मीच पत्र लिहिलं, आई थकली, लवकर ये. रजा मंजूर झाल्याचं त्याचं उत्तर आलं. ते वाचून दाखवलं तेव्हा आई उठून बसली.

बोट सुटायला आठ दिवस होते. त्याच आठ दिवसांत कैरोला गोऱ्या फौजेचा आणि मिसरी लोकांचा फुटबॉलचा सामना झाला. साहेब लोक खुर्च्यांवर, आपले शिपाई दोरीमागे उभे. एक किडकिडीत मिसरी गडी चेंडू घेऊन आला, समोर रेड्यासारखा गोरा. अण्णा ओरडला, "हाण की रं त्येला!" त्याने हाणला. चेंडू गोऱ्याच्या तोंडावर बसला आणि गोरा आडवा झाला. दोरीमागे सगळे हसले. खुर्चीवरच्या कप्तानसाहेबाने मागे वळून पाहिलं. हा साहेब बेळगावात मुन्शी ठेवून मराठी शिकलेला.

दुसऱ्या दिवशी साहेबाने अण्णाला समोर उभं केलं. "त्येला म्हणजे कोणाला?" आपल्या भाषेत चेंडूही तो आणि गोराही तो. सुभेदार कानात म्हणाला, "चेंडूला म्हण आणि सूट की रं!" अण्णा म्हणाला, "सायेब, पयल्यांदा चेंडूलाच म्हणालतो. गोरा पडल्यावर वाटलं, त्येलाबी म्हणायला पायजे हुतं."

रजा रद्द झाली. आई दाराकडे तोंड करून गेली. अण्णा आला तो वर्षाने.

हे सगळं मला त्याने सांगितलं नाही. तो बाहेर सोप्यात चार माणसांना सांगत होता, ते मी दाराआड ऐकलं. माझ्या अंगाची आग झाली. आपली भाषा शिकून त्या साहेबाने हे केलं, म्हणून त्याचा राग. अण्णाचा त्याहून जास्त. चेंडू! एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं?

पुढे तो ही हकिकत सारखी सांगायचा. लोक मागून मागून ऐकायचे. एक दिवस असाच रंगात आला होता. कुणी तरी विचारलं, "मग रं?"

"मग काय, रजा गेली!"

"गेली तर गेली! वाघ हाईस वाघ!" सगळे हसले.

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. पुरुषमाणसांत मी कधी गेले नव्हते.

"आईबी गेली," मी म्हणाले.

माणसं उठून गेली. अण्णा तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "गंगे, त्या वक्ताला जीभच वळली न्हाय गं."

"आईसाठीबी न्हाय?"

त्यानंतर ती हकिकत त्याने कधीच सांगितली नाही.

गेल्या माघात अण्णा तापाने गेला. मी फार रडले, पण राग तिथेच आहे. गावात लोक ती हकिकत अजून सांगतात, आणि 'रजा गेली' म्हणून हसून थांबतात. म्हणून पुढचं मी इथे लिहून ठेवलं.