मला कोणी मारलं नाही

"हा स्ट्रोक आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर मी स्ट्रेचरवर होते. अंगात खाकी वर्दी तशीच होती. उजवा हात माझाच, पण शेजारी कोणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. मॅडम बोलत होत्या ते उशाशी उभ्या असलेल्या राठोडभाऊंशी. मी एसटीची कंडक्टर, राळेगावची. राठोडभाऊ माझ्या गाडीचे ड्रायव्हर.

"मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. रक्तस्राव नाही, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास कधी सुरू झाला?"

"कळंबच्या अलीकडं, मॅडम, दीडएक तासापूर्वी. तिकीट देता देता बाईच्या हातातून मशीन सुटली. तिथून थेट इथंच आणलं."

"मग वेळ आहे," मॅडम म्हणाल्या आणि आत वळल्या.

मला सगळं ऐकू येत होतं, कळतही होतं. तोंडातून मात्र शब्द निघत नव्हता. आपल्याबद्दल बोललं जातंय आणि आपण त्यात नाही, ही गोष्ट मला त्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा जास्त टोचली.

मशीन पडली तेव्हा मला वाटलं, घामानं निसटली. वाकून उचलायला गेले तर हात पुढे गेलाच नाही. समोरच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काय झालं वं बाई?" मी उत्तर दिलं. ते तिला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळलं नाही. तिचा घाबरलेला चेहरा बघून मला समजलं की माझा चेहरा वाकडा झाला आहे.

मग गाडीतला जो तो माझ्या आजाराला नाव देऊ लागला. कोणी म्हणे गॅस झाली. कोणी म्हणे फीट आली, चप्पल हुंगवा. मागून एक म्हातारबा उठून आले. "वारं गेलं इच्या अंगावरून. लकवा हाय हा. पुढच्या फाट्यावर उतरवा, आत गावात एक जण औषध देते. डाक्टरच्या हातचा रोग नाही हा." दोघाचौघांना ते पटलं. कोणीतरी बेल मारली आणि गाडी थांबली.

राठोडभाऊ केबिनमधून मागे आले. माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज एरवी इंजिनाच्या घरघरीत ऐकूही येत नाही, त्या दिवशी मात्र सगळ्या गाडीनं ऐकला.

"माह्या बापालेही त्याच गावात नेलतं. लकवा म्हणून. बाप मंग खाटेवरून उठलाच नाही. ज्याले उतराचं असन त्यानं उतरा. गाडी आता दवाखान्यातच थांबन."

त्यांनी डेपोत फोन लावला, साहेबांना सांगितलं आणि गाडी काढली. कळंबला काही लोक कुरकुरत उतरले. ती समोरच्या सीटवरची बाई नाही उतरली. यवतमाळ येईपर्यंत तिनं मला एका कुशीवर वळवून माझं डोकं मांडीवर धरून ठेवलं. तिचं नाव मला अजून माहीत नाही.

इंजेक्शननंतर पाय लवकर हलला, हात उशिरा. बोलणं मात्र येईना. पाणी हवं असलं की तोंडातून "तिकीट" निघायचं. आमचे हे हसायचे नाहीत, पाणी द्यायचे. याला अफेजिया म्हणतात, असं मॅडमनी सांगितलं. मूळ शब्द ग्रीक, अर्थ वाचा नसणं. शब्द डोक्यात असतात, तोंडापर्यंतची वाट तुटलेली असते. एका सकाळी सवयीनं मी बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणायला लागले आणि ते न अडखळता पूर्ण म्हणून गेले. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, "पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं. तिथूनच सुरुवात करू."

खाटेच्या पायथ्याशी माझे कागद लटकलेले असायचे. वर लिहिलं होतं, अॅक्यूट इस्केमिक स्ट्रोक. मी डाव्या हाताच्या बोटानं एकेक शब्द दाखवायची आणि मॅडमकडे बघायची. त्यांना वेळ नसायचा, पण त्या थांबायच्या. अॅक्यूट म्हणजे मुळात धार लावलेलं, टोकदार. एकदम आलेल्या आजाराला तो शब्द लावतात. स्ट्रोक म्हणजे फटका. जुन्या काळी विलायतेतले लोक म्हणत, हा देवाच्या हातचा फटका. आपला पक्षाघातही तसाच, एका बाजूवर झालेला आघात. अर्धांगवायूत अर्धं अंग वायूच्या ताब्यात. लकवा अरबीतून उर्दूमार्गे आला, तिकडे तो तोंड वाकडं होण्याला म्हणत.

पडल्या पडल्या मी यावर फार विचार केला आणि मला राग आला. एवढ्या भाषा, पण जवळजवळ प्रत्येकीत मारणारा कोणीतरी आहे. कधी देव, कधी वारं. आणि मारलं म्हटलं की लोक विचारणारच, हिनं असं काय केलं होतं? मला त्यातला मधलाच शब्द पटला. इस्केमिक. रक्त अडवलेलं, एवढाच त्याचा अर्थ. माझा रक्तदाब वाढलेला होता, गोळ्या मी मनाला येईल तशा घ्यायची. एका नळीत गुठळी अडकली. त्यात मारणारा कोणी नाही.

हे घरी गेल्यावर उपयोगी पडलं. चुलतसासू बघायला आल्या, पदराखाली वाटी घेऊन. वाटीत कबुतराचं रक्त होतं, हाताला चोळायला. "मागच्या जन्माचं असते हे, पोरी. भोगून सरते," त्या म्हणाल्या आणि माझी बाही वर करू लागल्या. त्यांची माया खोटी नव्हती. तरी मी डाव्या हातानं वाटी बाजूला सारली. शब्द जुळवायला वेळ लागला. त्या वाट बघत राहिल्या.

"मागचा... जन्म... आपण... मानत नाही," मी म्हटलं. "नस... अडकली. मारलं नाही... कोणी."

आजारानंतरचं ते माझं पहिलं सलग बोलणं. चुलतसासूंनी वाटी झाकली, चहा घेतला आणि जाताना म्हणाल्या, "जिभेले तर काही झालेलं नाही इच्या."

बरी झाल्यावर डेपोतल्या साहेबांनी मला स्टोअरमध्ये काम देऊ केलं. भल्या मनानं म्हणाले, "तिथं कोणाशी बोलावं लागणार नाही." मी नाही म्हटलं. मला बोलायचंच होतं. स्टँडवरच्या खोलीतला माइक मागितला, गाड्या पुकारायचा. साहेब म्हणाले, "बघा करून."

पहिल्या दिवशी वर्ध्याची गाडी यवतमाळला पाठवली मी, माइकवरून. स्टँडवर हशा पिकला. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं. अजूनही अडखळते. पानठेल्यावरची पोरं माझी नक्कलही करतात. करू देत. नक्कल करायला आधी नीट ऐकावं लागतं.

हे वाचणाऱ्यांना एकच सांगते. समोरच्याचं तोंड एकीकडे ओढलं गेलं, हात उचलेना, बोलणं तुटलं, तर त्याला काय म्हणायचं यावर वाद घालू नका. लकवा म्हणा, वारं म्हणा, पण जिथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो त्या दवाखान्यात त्याच घडीला न्या. मला नेणारा माणूस भेटला. सगळ्यांच्या गाडीवर राठोडभाऊ नसतात.

परवा एक गृहस्थ खिडकीशी आले, हातात बॅग, कपाळावर आठ्या. "बाई, जरा भरभर बोलत जा ना. तुमचं होईस्तोवर आमची गाडी निघून जाईन."

मी माइक बंद केला आणि त्यांना सावकाश सांगितलं, "मी... पुकारल्याशिवाय... गाडी सुटत नाही, दादा. बसा."

ते बसले.