चढावरची बारा घरं

चावीवाल्याने एकतीस वर्षं गावाला पाणी सोडलं. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचा आणि गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचा. प्रत्येक गल्लीला अर्धा तास. एका ठेकेदाराने त्याला चहाला बोलावलं, तर दारातूनच म्हणाला, "पिऊन आलोय."

त्याचं घर चढावर, बारा घरांच्या गल्लीत. तिथे पाणी पोचेपोचेतो वेळ संपायची. नळाची धार करंगळीएवढी.

"अहो, दहा मिनिटं वाढवा ना," बायको म्हणायची. "आपल्यासाठी नको, बाकीच्या अकरा घरांसाठी तरी."

"लोक म्हणतील, घरचाच चावीवाला, मग काय! एवढा आपमतलबी नाही मी."

मग ती खालच्या नळावरून दोन दोन बादल्या घेऊन सत्तर पायऱ्या चढायची. पोटुशी असतानाही चढली. एकदा ओल्या पायरीवर घसरली, खुबा मोडला, आणि अंथरुणाला खिळली.

पुढच्याच महिन्यात तो निवृत्त झाला. निरोपाच्या सभेहून घरी आला तो हवेतच.

"साहेब म्हणाले, या माणसाला स्वार्थ कधी शिवला नाही!"

ती छताकडे बघत म्हणाली, "शिवला होता. तुम्हाला नाव हवं होतं. त्याचं ओझं मी वाहिलं."

तो चिडला, त्या दिवशी जेवलाच नाही. पण आठवड्याभरात नवा माणूस आला. चढावरची धार बघून त्याने गल्लीची वेळ वाढवून टाकली. गावात कुणी चकार शब्द काढला नाही.

ते बघून चावीवाला पायरीवर जाऊन बसला.

पुढचे आठ महिने त्याने बायकोचं सगळं केलं. अंग पुसायचा, केस विंचरायचा, घास भरवायचा. चुकलो म्हणायचं रोज ओठांवर यायचं. तेवढ्यात ती कूस बदलून द्यायला सांगायची, औषध मागायची, आणि ते राहून जायचं. एका दुपारी ती झोपेतच गेली.

तेराव्यानंतर मुलगी सासरी परतायला बॅग भरत होती. तो तिच्या शेजारी बसला.

"मला वाटायचं, घरच्यांसाठी मागितलं की तो स्वार्थ. माझा घराबाहेर होता गं, म्हणून मला दिसलाच नाही. बारा घरं कोरडी ठेवली मी, चारचौघांत मान ताठ राहावी म्हणून."

मुलीचे हात थांबले.

"बाबा, हे आईला सांगितलंत?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने आईच्या एका साडीची घडी मोडून पुन्हा नीट घातली, आणि साडी बॅगेत ठेवली.