वासुदेवच्या वहीवरचा शेरा

बायकोलाही कधी सांगितली नाही, अशी ही गोष्ट आहे. तुम्हांला सांगतो — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

माळव्यातल्या धारेत शिक्षणखात्यात आम्ही दोघे कारकून होतो, मी आणि वासुदेव. बदनावरकडच्या खेड्यांतली मुले दुसऱ्या इयत्तेतच शाळा का सोडतात, याची चौकशी करण्याचा हुकूम आला. मी छापील तक्ते मास्तरांकडे धाडून मोकळा झालो. वासुदेव मात्र गावोगाव हिंडला, लोकांच्या ओट्यांवर बसला, आयांशी माळवीत बोलला. महिन्याभरात गावे त्याला ‘वासुदेव भिया’, म्हणजे भाऊ, म्हणू लागली. मला इतक्या वर्षांत कोणी भिया म्हटले होते? पोटात दुखायचे माझ्या — खरेच सांगतो, त्याचे नुसते हसणेही मला सोसवत नसे.

त्याच्या वहीत एका बाईचे बोलणे जसेच्या तसे होते: “मास्टर साब छोरा ने भणावे नी, घर को पाणी भरावे.” मास्तर पोराला शिकवीत नाही, घरचे पाणी भरायला लावतो, ही तिची तक्रार; मास्तर बदला, उद्यापासून पोराला धाडते, असेही ती म्हणाली होती. माझ्या तक्त्यात त्याच गावापुढे त्याच मास्तराने लिहिले होते — पालकांची अनास्था.

उरलेली चौकशी कोणत्या रीतीने करावी, असे साहेबांनी मला विचारले. मी वयाने मोठा ना!

इथे थांबावेसे वाटते... पण नाही. मी स्वतः पाच वर्षे खेड्यात मास्तर होतो. तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावची पोरे आणून बसवायची आणि तक्ता भरायचा, हे मी केलेले आहे. तक्ते किती खोटे असतात, हे माझ्याइतके कोणाला कळणार? तरी मी वासुदेवच्या वहीवर शेरा मारला — बायकांच्या पाणवठ्यावरच्या गप्पा, ग्राह्य नाहीत. तक्ता हीच खरी रीत.

साहेबांनी ते मानले. त्या गावालाच शिक्षण नको आहे असे ठरले, आणि तिथली शाळा बंद झाली. मास्तराची बदली चांगल्या गावी झाली.

वासुदेव माझ्याकडे आला. भांडेल, असे वाटले होते. तो म्हणाला, “दादा, तुमचा अनुभव मोठा. माझंच ऐकण्यात चुकलं असेल.”

“असेल,” मी म्हणालो.

पुढे तो माझ्यापाशी बसून तक्ते भरायला शिकला. पुन्हा कोणत्याच ओट्यावर गेला नाही. आणि मला — फार बरे वाटले.